कातडी आधी वाचावी, मग ताट बदलावं

'चेहऱ्यावर तेज यायला काय खाऊ?' या प्रश्नाला बीट, गाजर, बदाम, ॲलोव्हेराचा रस अशी ठरलेली उत्तरं मिळतात आणि बहुतेकांना त्यांचा काही उपयोग होत नाही. ज्या बाईच्या अंगात लोह पुरेसं आहे तिने रोज बीट खाल्लं तरी गालावर लाली चढणार नाही. जिच्या अंगात लोह नाही तिचंही नुसत्या बिटाने भागणार नाही. खाण्यापिण्याचा त्वचेवर जो परिणाम होतो तो मुख्यतः काहीतरी कमी पडल्यामुळे किंवा काहीतरी जास्त झाल्यामुळे होतो. नेमकं काय, याच्या खुणा त्वचाच दाखवत असते. त्या ओळखता आल्या तर ताटात काय बदलायचं ते आपोआप ठरतं.

रंगाचं आधी बोलून टाकू. जन्मजात रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि तो कुठल्याही आहाराने उजळत नाही. गरोदरपणात केशर-दूध प्यायल्याने बाळ गोरं होत नाही. सावळी त्वचा म्हणजे आजारी त्वचा नव्हे, त्यामुळे तिच्यावर इलाज शोधायचं कारणच नाही. इथून पुढे जे लिहिलंय ते निरोगी त्वचेबद्दल आहे, गोऱ्या त्वचेबद्दल नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणाऱ्या खुणेपासून सुरुवात करते. मानेची मागची बाजू, काखा, कधी जांघा काळपट होतात. हात फिरवला तर तिथली त्वचा मखमलीसारखी जाड लागते आणि घड्या ठळक दिसतात. घरात याला मळ समजतात. दहावी-बारावीतल्या मुलांना 'नीट आंघोळ कर' म्हणून बोलणी बसतात, मान लिंबाने, बेकिंग सोड्याने, काथ्याने घासली जाते. मळ असता तर गेला असता. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की ते त्वचेच्या पेशींवरच्या, वाढीचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरनाही चेतवतं, पेशी भराभर वाढतात आणि थर जाड होऊन काळा दिसतो. डॉक्टर याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. घासण्याने फायदा होत नाहीच, उलट घर्षणाने आणखी काळं पडतं. म्हणून घासणं आजपासून बंद.

अशी मान दिसली की कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांत 90 सेंमी आणि बायकांत 80 सेंमी ही धोक्याची रेषा धरतात. टेप बेंबीच्या पातळीला लावा, पोट आत ओढू नका. मग उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) तपासून घ्या. इथे एक घोटाळा होतो. रिपोर्टात साखर नॉर्मल आली की लोक निर्धास्त होतात, पण ती नॉर्मल ठेवायला इन्सुलिन सोडणारं स्वादुपिंड दुप्पट राबत असू शकतं. मान तेच सांगत असते. मुलीच्या बाबतीत पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची (बीजांडकोशाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणीही करून घ्यावी. सडपातळ, वयस्क माणसाची मान किंवा तळवे थोड्याच आठवड्यांत असे झाले, तर मात्र आहाराचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. क्वचित त्यामागे पोटातला गंभीर आजार असतो.

आता ताट. आपला दिवस बहुधा असा असतो: सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, पाचला चहा-फरसाण, रात्री पुन्हा भात. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे 40 ग्रॅम साखर झाली, गोड काहीही न खाता. पहिली कात्री तिथेच लावायची. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर महिन्याभरात जीभ सरावते. एकदम बंद केली तर आठव्या दिवशी पुन्हा सुरू होते. पोहे सोडायची गरज नाही. एका माणसाला 80 ग्रॅम कोरडे पोहे घेत असाल तर 40 घ्या, त्यात वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी आणि मूठभर शेंगदाणे घाला. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी अर्धी वाटी. आधी तंतू आणि प्रथिनं पोटात गेली की त्याच भाताने साखर हळू चढते. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं हा याच उपायाचा भाग आहे, वेगळा व्यायाम नव्हे. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरलं की मान मऊ व्हायला लागते. आधी काळेपणा वाढायचा थांबतो, मग जाडी कमी होते, रंग सगळ्यात शेवटी उतरतो. यात महिने जातात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात.

मुरुमांचं कूळही हेच. रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर आयजीएफ-1 हे त्याच्यासारखंच, पेशींची वाढ करवणारं हार्मोन वाढतं. त्याने त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि रंध्राच्या तोंडाशी पेशी साचून बूच बसतं. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांना 12 आठवडे बघितलं गेलं. प्रथिनं जास्त आणि साखर हळू चढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमं दुसऱ्या गटापेक्षा बरीच कमी झाली. म्हणून 'तेलकट खाल्लं की चेहऱ्यावर तेल येतं' हा समज सोडा. कढईतलं तेल रंध्रातून बाहेर येत नाही. वडापावात गुन्हेगार शोधायचाच तर तो मैद्याचा पाव आणि बटाटा आहे, वर प्यायलेलं सरबत आहे. आणि उपासाला दोन वेळा ताट भरून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी लक्षात घ्या, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी बरी. खिचडीच हवी असेल तर साबुदाणा निम्मा आणि कूट दुप्पट.

दुधाबद्दल चित्र इतकं स्पष्ट नाही. दूध, विशेषतः साय काढलेलं दूध, भरपूर पिणाऱ्यांत मुरुमं जास्त दिसतात. पण सगळ्यांनाच दुधाने मुरुमं येत नाहीत, आणि शाकाहारी घरातून दूध काढून घेतलं तर कॅल्शियम आणि बी12 दोन्हींचे वांधे होतात. म्हणून स्वतःवर तपासून बघायचं: आठ ते बारा आठवडे फक्त एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. पहिल्या दिवशी आणि मग दर पंधरवड्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. आज दिसणारं मुरूम कातडीखाली कित्येक आठवडे आधी तयार व्हायला लागलेलं असतं, म्हणून दहा दिवसांत निकाल मागू नये. साखर, दूध, तळकट असं सगळं एकदम बंद केलं तर फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही.

जिमला जाणाऱ्या मुलांना मात्र ठामपणे सांगते: व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठीवर, खांद्यांवर, जबड्यावर मुरुमं उठली असतील तर आधी तो डबा बंद करून बघा. व्हे दुधातूनच येतं आणि इन्सुलिनला जोरात चाळवतं. 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सुमारे 26 ग्रॅम प्रथिनं मिळतात, दोन अंड्यांतून 12-13, 100 ग्रॅम पनीरमधून 18 च्या आसपास. डब्याशिवाय भागतं.

खोल, दुखणाऱ्या गाठी असतील तर आहारावर विसंबून महिने घालवू नका. त्यांचे खड्डे कायमचे राहतात. त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचं औषध दिलं असेल तर ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यायचं. रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही आणि मग 'औषध लागू पडत नाही' असं वाटतं. त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण ते औषध त्याच कुळातलं आहे. गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य.

आता उलट बाजू, म्हणजे कमतरता. शाळकरी मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर टोचणारे, खरखरीत, टोकदार दाणे दिसतात. 1933 साली निकोल्स नावाच्या डॉक्टरांनी सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) याचं वर्णन केलं आणि बेडकाच्या पाठीवरून फ्रायनोडर्मा असं नाव दिलं. तेव्हा तो फक्त अ जीवनसत्त्वाचा अभाव मानला गेला. पुढे कळलं की आवश्यक मेदाम्लं आणि बी गटाची जीवनसत्त्वंही यात कमी पडलेली असतात. (दंडाच्या मागच्या बाजूला बारीक दाणे असतील आणि आईला किंवा वडिलांनाही तसेच असतील तर तो बहुधा वेगळा, निरुपद्रवी प्रकार असतो. त्याला आहाराचं औषध नाही, मलम पुरतं.)

इथे एक नवी चूक शहरी घरांतही शिरली आहे. वजनाच्या धास्तीने तेल-तूप पार बंद केलं जातं. बिनतेलाची भाजी, कोरडी भाकरी, उकडलेली कडधान्यं, आणि तीन महिन्यांनी पायाच्या नळ्यांवर खवले निघतात. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या विटांमध्ये जो गिलावा असतो तो मेदाचा, आणि त्यातलं लिनोलेइक आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला चार-पाच छोटे चमचे तेल हवंच. करडई, सूर्यफूल, तीळ, सोयाबीन यांत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, लाल भोपळा यांतलं, अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीनही तेलाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून शेवग्याच्या पाल्याची भाजी फोडणी देऊनच करायची.

ओमेगा-3 या दुसऱ्या आवश्यक मेदाम्लासाठी आपल्याकडे जवसाची चटणी आहे. वाटीभर जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा. तडतड कमी झाली, दाणा चावल्यावर कुरकुरला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवला तर तळाचे दाणे करपून चटणी कडू होते. त्याच कढईत पाच-सहा सुक्या मिरच्या, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, चमचाभर जिरं परता. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून भरड वाटा. गरम वाटली तर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी एवढीच करा आणि हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि खवट वास आलेली चटणी टाकून द्यावी. रोज एक मोठा चमचा पुरे, त्यात साधारण दीड ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. अख्खे जवस दह्यावर भुरभुरून खाणं फुकट जातं, टणक सालीमुळे ते तसेच बाहेर पडतात.

मासे खाणाऱ्यांना तारली आणि बांगडा आठवड्यातून दोनदा मिळाला तर याहून चांगलं काही नाही. बांगडा मात्र बर्फात नीट ठेवलेला हवा. तो उन्हात पडून राहिला की जंतू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी येतात. शिजवल्याने हिस्टामिन जात नाही. अशा वेळी लोक 'मला बांगडा सोसत नाही' असं ठरवून जन्मभर सोडतात. दर खेपेला, ताज्या माशानेही तसंच होत असेल तर ती ॲलर्जी समजा आणि डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले, श्वास लागला तर आमसूल चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

निस्तेज, फिकट, थकलेला चेहरा घेऊन फेशियल करायला जाणाऱ्या बायकांबद्दल मला कळवळून लिहावंसं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. आरशासमोर खालची पापणी ओढून आतला भाग बघा. तो गुलाबी नसून पांढरट असेल, विंचरताना केस झुपक्याने येत असतील, नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन ठीक असून अंगातला लोहाचा साठा रिता झालेला असू शकतो आणि तो फक्त फेरिटिन सांगतं.

बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2020 ची शिफारस सांगते. 10 ग्रॅम गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळतं. गुळावर विसंबू नका. बाजरीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून सात-आठ मिलिग्रॅम मिळतं. 2012 साली महाराष्ट्रात आलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण तर लोह जास्त असावं म्हणूनच निवडलेलं आहे. बियाणं घेताना शेतकरी घरांनी ते मागावं. पण धान्य-भाज्यांतलं लोह आतड्यात सहज शिरत नाही. त्याला जोडीला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून भाकरीबरोबर कच्चा कांदा-लिंबू किंवा पेरूची फोड हवी. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळत्या आमटीत पिळलं तर क जीवनसत्त्व बरंचसं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा हा यातला मोठा अडथळा. त्यातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की ती बरीचशी वाया जाते. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर आधी त्याचा इलाज करा, नाहीतर गळक्या घागरीत पाणी भरणं चालू राहतं.

बोटांच्या पेरांवरची, सांध्यांवरची त्वचा हल्ली काळी पडत चालली आहे, जीभ लाल-गुळगुळीत झाली आहे, पायांना मुंग्या येतात, अशी तक्रार शाकाहारी माणसाची असेल तर बी12 तपासा. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही. दही, दूध, अंडी यांतून ते मिळतं, पण पातळी खूप खाली गेली असेल तर आहाराने भरून येत नाही, औषधच लागतं. हे काळेपण बी12 मिळाल्यावर उतरतं, त्यामुळे त्यावर उजळवणारी मलमं चोपडू नका.

ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत असतील तर बी2 आणि लोह आठवावं. एकाच बाजूला आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर दात किंवा कवळी तपासावी. तळहात-तळपाय पिवळे झाले तर डोळ्यांचे पांढरे भाग बघा. ते पांढरेशुभ्र असतील तर गाजर, पपई, लाल भोपळा जास्त होतोय, कमी केल्यावर काही आठवड्यांत रंग जातो. डोळेही पिवळे असतील तर ती कावीळ.

लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवणाऱ्या मुलींचे केस लग्नानंतर गळतात. उपासमार झाली की केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी सुटतात, म्हणून दोष नव्या गावच्या पाण्याला मिळतो. प्रथिनांचा हिशेब सोपा आहे: वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या मुलीला सुमारे 46 ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच असतात. वरण घट्ट करा आणि दिवसाला दोनदा उसळ, दही किंवा अंडं यांतलं काहीतरी ठेवा.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. आंबट खाल्ल्याने ते वाढतही नाही. कोड असलेल्या माणसाला ताक, लिंबू, चिंच वर्ज्य करून आधीच त्रासलेल्या जिवाचं ताटही बेचव करणं हा अन्याय आहे. मुलांच्या गालांवरचे फिकट डाग बहुतेक वेळा कोरडेपणाचे असतात, जंतांचे किंवा कॅल्शियमच्या अभावाचे नव्हेत. एक्झिमा असलेल्या बाळाचं दूध, अंडं, गहू एकापाठोपाठ एक बंद करत जाऊ नका. अशा बाळांतल्या काहींनाच अन्नाची ॲलर्जी असते, आणि बंदीने वाढ खुंटते. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी पुरतं, त्यापुढे लिटरमागून लिटर ढोसल्याने चेहरा तुकतुकीत होत नाही.

राहिल्या पावडरी आणि गोळ्या. कोलॅजेनची पूड पोटात गेली की बाकीच्या प्रथिनांसारखीच तिचे तुकडे होतात. त्या पैशांत भरपूर अंडी आणि डाळी येतात. केसांसाठी म्हणून सर्रास घेतली जाणारी बायोटिनची गोळी तर तपासण्यांत गोंधळ घालते. जास्त मात्रेत घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला निघाला असाल तर ही गोळी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि रक्त देताना लॅबमध्येही तसं सांगा.